शेवटच्या पानाखालची ओळ

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाखाली, समासाला चिकटून, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ छापलेली असते. मालक, मुद्रक आणि प्रकाशक अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून अमुक पत्त्यावर प्रसिद्ध केले, संपादक अमुक, आणि कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांची. वाचक ती वाचत नाहीत. पण इंदूरच्या एका हिंदी दैनिकात मी उपसंपादक म्हणून लागले तेव्हा रात्रपाळीच्या वृत्तसंपादकांनी, तेही मराठीच, पहिल्याच आठवड्यात मला ती ओळ मोठ्याने वाचायला लावली होती. "बाकी काही चुकलं तर उद्या दुरुस्ती देता येते गं," ते म्हणाले, "पण ती मागायला माणसानं यायचं कुठं, ते इथं लिहिलंय."

या ओळीचा जन्म १८६७ च्या प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स ॲक्टमधला. इंग्रज सरकारने तो कायदा वाचकांच्या कळवळ्याने केलेला नव्हता. देशी छापखान्यांतून काय बाहेर पडते यावर नजर ठेवायची आणि वेळ आली तर कोणाला धरायचे ते आधीच ठाऊक असावे, हा त्यामागचा हिशेब. तरीही पहाऱ्यासाठी लावलेल्या त्या पाटीने वाचकाच्या हाती एक पत्ता दिला. आज मोबाइलवर जे वाचले जाते त्यातल्या बहुतेक मजकुराखाली असा पत्ता नसतो. ब्लॉग आणि वर्तमानपत्र यांच्या वादात नीतीचा प्रश्न नेमका कुठे आहे असे कोणी विचारले, तर मी या ओळीवर बोट ठेवीन. लिहिणारा पगारी आहे की हौशी, त्याच्या खिशात सरकारी कार्ड आहे की नाही (महाराष्ट्रात त्याला अधिस्वीकृती म्हणतात, आमच्याकडे मध्य प्रदेशात अधिमान्यता) यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. चुकल्यावर कोणाच्या दारात जायचे आणि ते दार उघडेल का, हा प्रश्न मात्र मागे पडला. या पुस्तकातले लेख त्या मागे पडलेल्या प्रश्नाभोवती जमवले आहेत.

या विषयाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकासाठी थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी. 'वेबलॉग' हा शब्द १९९७ साली अमेरिकेत जॉर्न बार्गर यांनी रूढ केला. पुढे तो आखडून 'ब्लॉग' झाला. १९९९ साली 'ब्लॉगर' ही सेवा निघाली आणि संगणकाची भाषा न येणाऱ्यालाही आपले पान चालवता येऊ लागले. त्याच वर्षी इंदूरमध्ये 'नई दुनिया'च्या घराण्यातून 'वेबदुनिया' हे हिंदी संकेतस्थळ सुरू झाले. छापील पत्राचा वारसा असलेल्या घरानेच देवनागरीला इंटरनेटवर नेले, ही गोष्ट या शहराबाहेर फारशी कोणाला आठवत नाही. तेव्हा अडचण लेखणीची नव्हती, टंकाची होती. प्रत्येक वृत्तपत्राचा फाँट निराळा; तो तुमच्या संगणकावर नसेल तर अग्रलेखाच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे दिसायची. युनिकोड स्थिरावला आणि ही भिंत पडली. २००३ साली आलोक कुमार यांचा 'नौ दो ग्यारह' हा पहिला हिंदी ब्लॉग आला. शेजारच्या रतलामचे रवि रतलामी हिंदी चिट्ठाकारीतले सुरुवातीचे नाव. मराठीत 'मायबोली' १९९६ पासून होती, २००४ साली 'मनोगत' आले, आणि त्या पारांवर लिहिता लिहिता अनेकांनी आपापले ब्लॉग थाटले. इंदूरच्या रामबागेत किंवा राजेंद्रनगरात राहणाऱ्या मराठी माणसाला याचे अप्रूप जास्त होते. सकाळी दारात हिंदी पेपर पडायचा, पुण्यामुंबईचे मराठी दैनिक हाती येईपर्यंत शिळे झालेले असायचे. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलने या शहरात झाली खरी, पण रोजच्या रोज ताजे मराठी वाचायला आणि लिहायला मिळाले ते पडद्यावर.

आता एक गैरसमज. ब्लॉग नवा आणि पत्रकारिता जुनी, असे आपण सहज बोलून जातो. मराठीच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले तिथपासून पुढची शंभर वर्षे आपली बहुतेक पत्रे एका माणसाच्या मतावर, एका माणसाच्या पदरमोडीवर चालत होती. मुकुंदराव पाटलांचे 'दीनमित्र' १९१० पासून अर्धशतकाहून अधिक काळ निघत राहिले, आणि तेही नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये आली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकर, म्हणून टोपणनाव, आणि टीका आपल्याच जातीवर. आजच्या ब्लॉगरची सगळी लक्षणे इथे आहेत. फरक एवढाच की टोपणनावामागे लेखक झाकला तरी पत्र भाऊ महाजनांचे होते. जाब विचारायला ते होते. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाले. आमच्या महूत जन्मलेले डॉ. आंबेडकर तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचे लागले. पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात घेतली नाही, हे आंबेडकरांनी पुढे नोंदवून ठेवले आहे. प्रस्थापित पत्राने दार लावले की माणूस स्वतःचे पत्र काढतो. गेल्या वीस वर्षांत अनेकांनी ब्लॉग उघडले ते याच कारणाने, आणि 'हौशी' म्हणून त्यांना झिडकारणाऱ्यांनी आपल्या परंपरेत कोण कोण बसते ते आधी पाहावे.

पण त्याच परंपरेत १८८२ साल आहे. 'केसरी' आणि 'मराठा' सुरू होऊन जेमतेम वर्ष झाले होते. कोल्हापूरचे तरुण छत्रपती शिवाजीराव यांचा छळ होतो आहे आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, अशी कुजबुज होती. बर्व्यांची म्हणून काही पत्रे टिळक-आगरकरांच्या हाती आली. त्यांच्या आधारे दोन्ही वर्तमानपत्रांनी बर्व्यांवर तोफ डागली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि कोर्टात पत्रे बनावट निघाली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली. तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. आरंभी जामिनाचे दहा हजार रुपये उभे करताना जोतीराव फुल्यांनी रामशेठ उरवणे यांना पुढे केले, ही या प्रकरणातली मला सर्वांत प्रिय गोष्ट. तुरुंगातून सुटल्यावर दोघांचे जंगी स्वागत झाले आणि मराठी स्मरणात ते स्वागत आणि आगरकरांचे तुरुंगातल्या दिवसांवरचे पुस्तक उरले. पत्रे खरी की खोटी याची खातरजमा झाली नव्हती, हा भाग विस्मरणात गेला. हेतू शुद्ध होता म्हणून आपण तो झाकतो. बर्वे यांच्या बाजूने कोणी विचार करत नाही.

सुमारे सव्वाशे वर्षांनी, सप्टेंबर २००४ मध्ये, अमेरिकेत सीबीएस वाहिनीने राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या लष्करी सेवेविषयी काही कागद दाखवले. सत्तरच्या दशकातल्या टंकलेखन यंत्रावरचे म्हणून दाखवलेले ते कागद संगणकावर टाइप केल्यासारखे दिसतात, हे प्रथम ओरडून सांगितले ते ब्लॉगरांनी. बारा दिवसांनी वाहिनीने कबूल केले की कागदांचा खरेपणा सिद्ध करता येत नाही, आणि डॅन रादर यांनी माफी मागितली. दोन्ही प्रकरणांत चूक एकच: हवे तसे कागद हाती आले आणि शंका घ्यावीशी वाटली नाही. १८८२ साली ती कोर्टाने उघडी पाडली, २००४ साली वाचकांनी. पहिल्या चुकीची किंमत संपादकांनी तुरुंगात मोजली, दुसरीची वाहिनीने लोकांसमोर. दोन्हीकडे कोणीतरी उत्तर द्यायला उभे होते, हे विसरून चालणार नाही.

इंदूरच्या वाचकाला संस्था म्हणून वृत्तपत्र कसे असते हे समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याने 'नई दुनिया' पाहिली आहे. ५ जून १९४७ ला सुरू झालेल्या या दैनिकाला राहुल बारपुते यांच्यासारखा मराठी मातृभाषेचा संपादक लाभला आणि त्यांच्या हाताखाली राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी तयार झाले. हिंदी पत्रकारितेची एक पिढी या एका कचेरीने घडवली. आणीबाणीत अग्रलेखाची जागा कोरी सोडून या पत्राने निषेध नोंदवला. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्याचे वाचकांच्या पत्रांचे पान. माळव्यातल्या मास्तरांपासून दुकानदारांपर्यंत लोक तिथे लिहीत, एकमेकांना खोडून काढत, आणि त्यातले काही पुढे लेखक झाले. ब्लॉगाचे मूळ शोधायचे तर ते मला त्या पानात दिसते. मात्र तिथे येणारे प्रत्येक पत्र कोणीतरी वाचून, कापून, नावपत्ता पाहून लावत असे.

प्रभाष जोशींचे २००९ साल या पुस्तकाच्या विषयाला दोन्ही बाजूंनी स्पर्श करते. त्या वर्षी लोकसभेच्या आणि महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकांत पेड न्यूजचा बाजार उघडा झाला. पी. साईनाथ यांनी दाखवून दिले की एका नेत्याचे गुणगान करणारा तोच मजकूर, शब्दही न बदलता, वेगवेगळ्या मराठी दैनिकांत वेगवेगळ्या नावांनी छापला गेला होता. जोशी या विरुद्ध गावोगाव बोलत फिरले. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने नावानिशी अहवाल तयार केला. तो दडपला गेला आणि माहिती अधिकाराच्या लढाईनंतरच लोकांसमोर आला. ज्या पत्रांच्या शेवटच्या पानावर जबाबदारीची ओळ रोज छापली जात होती, त्यांनीच पहिले पान विकले. त्याच वर्षी एका संकेतस्थळाने घेतलेल्या मुलाखतीत जोशी जात आणि सती यांविषयी जे बोलले त्यावर हिंदी ब्लॉगजगतात वादळ उठले. टीकेतली बरीचशी रास्त होती. उरलेली शिवीगाळ होती, आणि ती करणाऱ्यांपैकी पुष्कळांना नाव नव्हते. नोव्हेंबरात जोशी गेले. पैशासाठी मौन विकणारी छापील पत्रे आणि बिननावाचा जमाव यांच्या मधोमध सापडलेला हा माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हटत नाही.

या प्रश्नावर विचार करणाऱ्यांची ढोबळमानाने तीन घराणी आहेत. पहिले घराणे संस्थेवर भिस्त ठेवते. अमेरिकेतल्या हचिन्स आयोगाने १९४७ साली मांडलेली सामाजिक जबाबदारीची कल्पना आणि आपले प्रेस कौन्सिल ही त्याची रूपे: बातमीदार, उपसंपादक, वृत्तसंपादक अशा चाळण्यांतून मजकूर गाळला की चूक कमी होते. दुसरे घराणे म्हणते, चाळण्या कशाला, सगळे उघड्यावर ठेवा. तुमचा आधार कोणता, पैसा कोणाचा, कल कुठला ते सांगा, वाचक ठरवेल. डेव्हिड वाइनबर्गर यांनी २००९ साली मांडले की वस्तुनिष्ठतेची जागा आता पारदर्शकतेने घेतली आहे. त्याआधी जे रोझेन यांनी २००५ सालीच ब्लॉगर विरुद्ध पत्रकार हे भांडण संपल्याचे जाहीर केले होते, जरा घाईने. तिसरे घराणे आपल्या राज्यघटनेतून येते. वृत्तपत्राला नागरिकाहून वेगळा असा काही खास हक्क नाही, ही भूमिका आंबेडकरांनी घटना समितीत घेतली होती. कलम १९ खाली संपादक आणि ब्लॉगर एकाच पायरीवर उभे आहेत. मी स्वतः या तिसऱ्या घराण्याची. हक्क एक असेल तर ओझेही एक असायला हवे, एवढीच भर मी घालीन.

ओझे एक नाही, हे खरे दुखणे आहे. पालघरमध्ये २०१२ साली बंदविषयी फेसबुकवर दोन ओळी लिहिल्याबद्दल एका मुलीला आणि त्या ओळी पसंत केल्याबद्दल दुसरीला अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या कलम ६६-अ चा असा वापर होत होता ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. २६/११ च्या हल्ल्याचे थेट प्रक्षेपण कसे झाले यावर एका ब्लॉगरने कडक टीका केली, तेव्हा वाहिनीची कायदेशीर नोटीस आली आणि त्याने मजकूर मागे घेऊन माफी मागितली. पुढे २०१२ साली कसाब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. २००५ साली एका व्यवस्थापन संस्थेच्या जाहिरातींतले दावे 'जॅम' नियतकालिकाने तपासले. त्या लेखाचा दुवा देऊन त्याची बाजू घेणाऱ्या एका मराठी तरुणाला एवढा दबाव आला की कंपनीला त्रास नको म्हणून त्याने आयबीएममधली नोकरी सोडली. वर्तमानपत्राच्या मागे वकील असतो. ब्लॉगर एकटा असतो. उलट बाजूला, प्रेस कौन्सिलकडे तक्रार करायची तर ती छापील पत्राविरुद्धच करता येते, आणि कौन्सिल तरी समज देण्यापलीकडे काय करते! २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ऑनलाइन बातमीदारांवर आचारसंहिता आणि तक्रार निवारणाची उतरंड लादली. त्यातल्या आचारसंहितेच्या सक्तीला निखिल वागळे आणि 'द लीफलेट' यांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. मला ती योग्य वाटली. नीती सरकारी खात्याच्या तंबीने यायला लागली तर १८६७ कडे परत जाणे आले. आणि १८६७ चा तो कायदा मोडीत काढून आणलेला २०२३ चा नवा कायदा छापील नियतकालिकांपुरताच बोलतो.

हे सगळे आज का महत्त्वाचे, ते आमच्या शहराने एप्रिल २०२० मध्ये पाहिले. टाटपट्टी बाखलमध्ये करोनाच्या तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. त्यात दोन महिला डॉक्टर होत्या. वस्तीत मोबाइलवरून अफवा पसरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टर पुन्हा त्याच वस्तीत कामाला गेल्या. काही दिवसांनी मुस्लिम समाजातर्फे वर्तमानपत्रात जाहिरात देऊन या प्रकाराबद्दल माफी मागण्यात आली. अफवा फोनवरून आली, त्या फोनवरून तिची माफी कोणी मागितली नाही. ज्यांनी ती रचली ते कधी समोर आले नाहीत. माफी मागितली ती बदनामी सोसणाऱ्यांनी, आणि त्यासाठी त्यांना छापील कागद शोधावा लागला. ती जाहिरात मी कापून ठेवली आहे.

माझाही एक कागद या संग्रहात असायला हवा होता, पण तो मी नष्ट केला. २०११ च्या सुमारास मी टोपणनावाने एक ब्लॉग चालवीत होते. शेजारच्या बाईंनी सांगितलेल्या हकिकतीवरून मी शहरातल्या एका रुग्णालयाविषयी लिहिले की बिलासाठी त्यांनी मृतदेह अडवून ठेवला. वाचकांनी तो मजकूर भराभर पुढे पाठवला. चार दिवसांनी कळले की अपघाताची केस होती, पोलिसांचा पंचनामा व्हायचा होता आणि विलंब त्यामुळे झाला होता. मी रात्री दोन वाजता तो लेख काढून टाकला. खुलासा दिला नाही, दिलगिरी लिहिली नाही. दिवसा ज्या दैनिकात मी काम करत होते तिथे अशी चूक झाली असती तर मी स्वतः दुरुस्तीची चौकट लावली असती. कित्येक महिन्यांनी एका लग्नघरी एका मावशींनी तोच लेख मला शब्दशः ऐकवला, कोणी लिहिला आहे ते ठाऊक नसताना. तिथल्या रात्रपाळीच्या परिचारिका पुढे काय काय ऐकत राहिल्या असतील, हे मला आजही माहीत नाही. हे पुस्तक करायचे ठरले ते त्या लग्नघरातून परतताना.

म्हणून इथे कोण श्रेष्ठ याचा निवाडा नाही. पेपरच्या डेस्कवर आयुष्य काढलेली माणसे, जिल्ह्याच्या गावचे स्ट्रिंगर, ब्लॉगर आणि आता ब्लॉग सोडून यूट्यूबवर गेलेली मुले यांना आम्ही एकच विनंती केली: तुमची एक चूक सांगा, ती कशी कळली ते सांगा, आणि नंतर काय केले ते सांगा. काहींनी खुल्या मनाने लिहिले, काहींनी आढेवेढे घेतले, दोघांनी नकार दिला. स्ट्रिंगरचे लेख मला सर्वांत मोलाचे वाटतात. बातमीमागे तुटपुंजे पैसे, वर जाहिराती आणण्याचे लक्ष्य, आणि गावात सर्वांना घर माहीत. संस्थेची ओळ छापलेली असते राजधानीच्या पत्त्याची, पण दगड येतो यांच्या खिडकीवर. पेड न्यूज, टोपणनावाचा हक्क, खाजगी चित्रफिती, दुसऱ्याच्या लेखनाची चोरी (ब्लॉगवरचा मजकूर नाव न देता पुरवणीत छापण्याचे प्रकार मराठीत थोडे नाहीत) हे विषय लेखांतून येतात, पण कप्पे करून मांडलेले नाहीत. अनुभव जसे आले तसे ठेवले आहेत. यंत्राने लिहिलेल्या मजकुराविषयी एकच लेख आहे. तो अपुरा आहे, कारण तिथे विचारायला माणूसच नसेल तर काय करायचे याचे उत्तर आम्हा कोणाकडे नाही.

प्रत्येक लेखात ज्यांच्यावर आरोप आहे त्यांना तो छपाईपूर्वी दाखवून त्यांचे म्हणणे मागितले. जे आले ते लेखासोबत छापले आहे. एक लेख मात्र शेवटच्या आठवड्यात काढावा लागला. एका छोट्या गावातल्या शाळेविषयी होता, लिहिला सुंदर होता, आणि बहुधा खराही असेल. पण दोनपैकी एक साक्षीदार मागे हटला आणि दुसरा सापडला नाही. लेखिका फोनवर बराच वेळ माझ्याशी भांडून शेवटी ठेवते म्हणाली. तिची जागा अनुक्रमणिकेत रिकामी दिसेल. लेखिका कागदपत्रे मिळवायला पुन्हा त्या गावी गेली आहे.

संपादक
इंदूर